झडपेवर बसलेला जंतू आणि पुढे गेलेली तारीख

दादाचं ऑपरेशन मार्गशीर्षात ठरलं होतं. मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप, बदलायची होती. रक्त द्यायला गावातली चार पोरं तयार होती, मी रजा टाकली होती, वहिनीने म्हशीची धार शेजारच्या काकूंवर सोपवली होती. तारखेला वीस दिवस राहिले असताना त्याला संध्याकाळची कणकण येऊ लागली. ताप फार नाही, ९९.५, कधी १००. पण पहाटे बनियन पिळून काढावी इतका घाम.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. तिथल्या डॉक्टरांनी विडाल टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली, टायफॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन दिवसांत ताप उतरला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. गोळ्यांचा कोर्स संपला आणि दोन दिवसांत ताप परत आला. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी पुण्याला गेलो तेव्हा दादाने हे सगळं जाता जाता, सर्दी झाली होती म्हणावं तसं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं, त्याच्या हाताची नखं उजेडात धरून बघितली, पुन्हा एकदा छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "तारीख पुढे ढकलू. आधी रक्ताचं कल्चर करू."

दोन-तीन दिवसांनी निदान आलं: इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस. हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेक वेळा झडपेलाच, झालेला जंतुसंसर्ग. "हृदयात इन्फेक्शन" एवढंच कानावर पडलं आणि आई मटकन खाली बसली. ऑपरेशनची तयारी करून आलेल्या माणसाला सांगितलं जातं की आता ऑपरेशन नाही, आधी चार ते सहा आठवडे शिरेतून औषध. ते दिवस नुसते वाट बघण्याचे वाटतात, आणि तसं वाटलं की माणूस खचतो. मला त्या वेळी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं की ही वाट बघणं नाही, निम्मा उपचार इथेच होतो. म्हणून हा लेख लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दादाच्या पलंगाशेजारी बसून जे विचारलं, वाचलं आणि पाहिलं, ते लिहिते.

झडपेला जंतू चिकटतो कसा

हृदयात चार झडपा असतात आणि दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात, मिटतात. निरोगी झडप इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर काही टिकत नाही. दादाची झडप लहानपणीच खराब झाली होती. नऊ-दहा वर्षांचा असताना घसा दुखून ताप आला, मग गुडघे सुजले, मग घोटे. तो रुमॅटिक ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र वण राहतो. आपल्याकडे तरुण वयात व्हॉल्व्ह बदलायची वेळ येते त्यामागे हे कारण फार मोठं आहे. काहींना जन्मतःच महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, काहींची झडप वयाने कडक होते.

दादा शेतकरी, म्हणून डॉक्टरांनी त्याला पाटाचं उदाहरण दिलं. दारं धरताना बांध नीट मिटला नाही तर त्या फटीतून पाणी जोरात उसळतं आणि समोरची माती खरवडून काढतं. गळक्या झडपेचं तसंच होतं. फटीतून उसळणाऱ्या रक्ताच्या धारेने आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. जखम झाली की शरीर तिथे खपली धरतं, रक्तातल्या प्लेटलेट्स आणि फायब्रिनचे धागे मिळून. ही खपली म्हणजे जंतूंसाठी तयार बैठक.

जंतू कुठून येतात, हा दादाचा पहिला प्रश्न होता. आपल्या सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून जंतू शिरतात. हिरड्या सुजलेल्या असतील तर दात घासताना, घास चावतानासुद्धा. त्वचेवरच्या फोडातून, सलाईनच्या सुईतून, लघवीच्या मार्गातून, डायलिसिसच्या नळीतून. निरोगी माणसाचं रक्त त्यांचा थोड्या वेळात निकाल लावतं. खपली असलेल्या झडपेवर मात्र एखादा चिकटतो, वाढतो, त्याच्यावर पुन्हा प्लेटलेट्सचा थर चढतो, त्याच्याआड आणखी वाढतो. हळूहळू शेवाळासारखा एक पुंजका तयार होतो आणि रक्ताच्या प्रवाहात हलत राहतो. डॉक्टर त्याला व्हेजिटेशन म्हणतात. दादाच्या झडपेवरचा ८ मिलिमीटरचा होता, तुरीच्या डाळीच्या दाण्याहून थोडा मोठा.

एवढ्याशा पुंजक्याला चार-सहा आठवडे औषध कशाला? न्यूमोनिया आठवड्यात बरा होतो, मग हा का नाही? मी हे विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर समजल्यावर माझी अर्धी चिडचिड संपली. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. त्यामुळे पांढऱ्या पेशी आतून तिथे पोचत नाहीत. पुंजक्यात जंतूंची दाटी इतकी, की एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. शिवाय खोल बसलेले जंतू झोपल्यासारखे, फार सावकाश वाढतात, आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं वाढणाऱ्या जंतूलाच नीट मारतात. म्हणून औषध रक्तात भरपूर प्रमाणात आणि सतत ठेवावं लागतं, तेही इतके दिवस की शेवटचा झोपलेला जंतूही त्यात सापडावा. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरी गेलं तर तोच जंतू पुन्हा डोकं वर काढतो.

गुस्ताव माहलर हा युरोपातला थोर संगीतकार. १९०७ मध्ये त्याला झडपेचा आजार असल्याचं कळलं. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला ताप हटेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचं कल्चर केलं आणि त्यात स्ट्रेप्टोकोकस सापडला. निदान अगदी बरोबर होतं, पण उपचारच नव्हता. १८ मे १९११ ला तो व्हिएन्नात गेला, पन्नासाव्या वर्षी. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं तोवर हा आजार म्हणजे जवळपास मृत्यूच होता. दादाच्या रक्तात सापडला तोही स्ट्रेप्टोकोकसच्याच कुळातला, तोंडात राहणारा जंतू. मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो सलाईनच्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिला.

आधी रक्त, मग औषध

या आजारात घरच्या माणसांच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट मला विचाराल तर ही: झडपेचा आजार असलेल्या, किंवा आधीच झडप बदललेल्या माणसाला कारण न समजणारा ताप आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्ताचं कल्चर झालं पाहिजे.

कल्चर म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत उगवून बघणं. जंतू उगवला की त्याचं नाव कळतं, आणि तो कोणत्या औषधाने मरतो हेही कळतं. सहा आठवड्यांचा सगळा उपचार त्या एका रिपोर्टवर उभा असतो. दोन गोळ्या जरी आधी गेल्या, तरी रक्तातले जंतू इतके कमी होतात की बऱ्याचदा बाटलीत काहीच उगवत नाही, झडपेवरचे मात्र जागच्या जागी राहतात. आपल्याकडे ताप म्हटलं की गोळी सुरू होते आणि विडालच्या भरवशावर टायफॉइडचा शिक्का बसतो, त्यामुळे एन्डोकार्डायटिसच्या कितीतरी रुग्णांचं कल्चर कोरं येतं. गावच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर तापाचा एक माणूस होता, आणि त्याच्या झडपेची फाइल आम्ही घरीच कपाटात ठेवून गेलो होतो. ती फाइल सोबत नेली असती, "याचा व्हॉल्व्ह खराब आहे" एवढं एक वाक्य बोललो असतो, तर कदाचित वेगळं घडलं असतं.

पुण्यातला पहिला दिवस मला लख्ख आठवतो. अंगात ताप, आणि डॉक्टर औषध देईनात. सिस्टर आल्या, डाव्या कोपराच्या आत चॉकलेटी जंतुनाशक लावलं, ते पूर्ण वाळेपर्यंत हात लावू दिला नाही. मग मोठ्या सिरिंजने रक्त काढून दोन बाटल्यांत भरलं, हा झाला एक संच. एका बाटलीत हवेत वाढणारे जंतू उगवतात, दुसरीत हवेशिवाय वाढणारे. अर्ध्या तासाने उजव्या हातातून तेच. आणखी थोड्या वेळाने पुन्हा, तिसऱ्या जागेवरून. वहिनी मला बाहेर नेऊन म्हणाली, "अगं, आधीच रक्त कमी आहे त्यांचं, आणि हे नुसतं काढतायत. औषध कधी देणार?" वेगवेगळ्या जागेवरून तीनदा का, हे मला नंतर कळलं. सुई टोचताना त्वचेवरचा एखादा जंतू चुकून बाटलीत जाऊ शकतो. तो एकाच बाटलीत उगवतो. तोच जंतू तीन वेगळ्या ठिकाणच्या रक्तात उगवला तर तो खरंच रक्तात फिरतो आहे.

४८ तासांनी पहिला निरोप आला की अजून वाढ नाही. आधीच्या गोळ्यांचा परिणाम, डॉक्टर म्हणाले. दादाचा रक्तदाब ठीक होता, दम वाढला नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा रक्त घेतलं आणि त्याच वेळी शिरेतून औषध सुरू केलं. दुसऱ्या खेपेच्या दोन बाटल्यांत जंतू उगवला. माणूस गंभीर असेल तर असं थांबत नाहीत, रक्त काढून त्याच तासाला औषध चढवतात.

ही वाट बघणं फार जड जातं. आपल्याला वाटतं, दुर्लक्ष होतंय. अशा वेळी भांडायला जाण्याआधी एवढंच विचारावं: "कल्चर घेतलं का, किती संच घेतले, रिपोर्ट कधी?" बहुतेक डॉक्टर या प्रश्नावर खुर्ची ओढून नीट सांगायला बसतात.

दुसरी तपासणी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. छातीवरून केलेल्या इकोत लहान पुंजका सुटू शकतो, म्हणून घशातून नळी घालून अन्ननलिकेतून इको करतात. हृदय अन्ननलिकेला अगदी लागून असतं, त्यामुळे चित्र स्पष्ट येतं. घसा बधिर करतात, गुंगी देतात, चार-सहा तास उपाशी ठेवतात. दादाला उमासे आले, दुसऱ्या दिवशी घसा खवखवला, तेवढंच. कल्चर, इको आणि बाकीची लक्षणं यांची सांगड घालून निदान करायचे निकष अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९४ मध्ये मांडले आणि २०२३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. नखांखालच्या बारीक लाल-तपकिरी रेघा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी का शोधल्या, ते तेव्हा कळलं. पुंजक्याचे सूक्ष्म कण रक्तातून तिथवर जातात.

"मग ऑपरेशनच करून टाका ना"

नाहीतरी झडप बदलायचीच आहे, मग जंतूसकट ती काढूनच टाका, असं मामा म्हणाले. सहा आठवडे कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. गंमत म्हणजे काकांचं म्हणणं बरोबर उलटं होतं: अंगात जंतू असताना नवीन झडप बसवली तर तिलाही लागेल, म्हणून काही झालं तरी आधी पूर्ण कोर्स. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे.

संसर्ग पेटलेला असताना झडपेभोवतीचं मांस मऊ, सुजलेलं असतं, टाके नीट धरत नाहीत. नव्या झडपेला जंतू लागण्याचा धोकाही असतो. म्हणून माणूस स्थिर असेल, औषध लागू पडत असेल, तर आधी रक्त स्वच्छ करतात आणि ऑपरेशन शांतपणे करतात. पण तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी कोर्स संपण्याची वाट बघायची नसते. पहिली म्हणजे हृदय थकणं: झडप फाटून किंवा गळती वाढून फुप्फुसात पाणी साठू लागणं. ही सर्वांत जास्त वेळा घडणारी, आणि हिच्यात उशीर फार महागात पडतो. दुसरी, औषध चालू असूनही संसर्ग आटोक्यात न येणं: कल्चर पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येणं, झडपेच्या मुळाशी पू होणं. काही जंतू आणि बुरशी औषधाला दादच देत नाहीत, तेही यातच. तिसरी, पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूकडे जाण्याची भीती. पुंजका १० मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, विशेषतः एखादा तुकडा आधीच सुटला असेल, तर सर्जन घाई करतात.

२०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झडप खूप खराब आणि पुंजका मोठा, अशा ७६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. ३७ जणांचं ऑपरेशन ४८ तासांच्या आत केलं, ३९ जणांना नेहमीचा उपचार दिला. रुग्णालयातला मृत्यू किंवा सहा आठवड्यांत तुकडा सुटणं, हे पहिल्या गटात एकाच्या वाट्याला आलं, दुसऱ्यात नऊ जणांच्या. अभ्यास लहान आहे, पण "पेटलेल्या झडपेला हात लावायचाच नाही" ही जुनी भीती त्याने बरीच कमी केली. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर मात्र गणित उलटं होतं. ऑपरेशनमध्ये रक्त पातळ करावं लागतं, त्यामुळे शक्य असेल तर निदान महिनाभर थांबतात.

म्हणजे ऑपरेशनची तारीख आता कॅलेंडरवर नसते, रुग्णाच्या अंगात असते. ती कुठल्याही दिवशी येऊ शकते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि संसर्गरोगाचे किंवा मायक्रोबायॉलॉजीचे डॉक्टर एकमेकांशी बोलत आहेत ना, हे नक्की विचारा. आणि जिथे दाखल व्हाल तिथे हृदयाचं ऑपरेशन होतं की नाही, हे पहिल्याच दिवशी बघा. आम्हाला एका ओळखीच्यांनी सल्ला दिला होता की औषधच चढवायचंय तर साताऱ्यातल्या लहान दवाखान्यात ठेवा, पैसे वाचतील. तो ऐकला नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

ते दिवस

जंतूचं नाव कळल्यावर औषध ठरलं: सेफ्ट्रायॅक्झोन २ ग्रॅम, रोज एकदा, चार आठवडे. साध्या, औषधाला वश होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसला आणि माणसाच्या मूळ झडपेला इतकं पुरतं. स्टॅफिलोकोकस किंवा एन्टेरोकोकस असेल, किंवा आधीच कृत्रिम झडप असेल, तर बहुधा सहा आठवडे लागतात. त्यात काही औषधं दर चार-सहा तासांनी असतात. व्हॅन्कोमायसिन, जेन्टामायसिन चालू असेल तर मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. जेन्टामायसिनने कानावरही परिणाम होतो, म्हणून कानात आवाज येतोय, तोल जातोय असं रुग्ण म्हणाला तर ते अशक्तपणावर ढकलू नका.

हाताच्या शिरा हा या दिवसांतला खरा छळ. व्हेनफ्लॉनची, म्हणजे शिरेत बसवलेल्या सलाईनच्या सुईची, जागा दोन-तीन दिवसांत सुजते, मग दुसरी जागा, मग तिसरी. दुसऱ्या आठवड्यात दादाचे दोन्ही हात निळे पडले होते. दंडातून थेट मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी घालतात, तिला पिक लाइन म्हणतात. रक्त स्वच्छ झाल्यावर ती घालता येते. आम्हाला हे बारा दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या मुलाकडून. तुम्ही आधीच विचारा. नळीच्या जागी लाली, पू, दुखणं दिसलं तर लगेच दाखवा, कारण तिथूनही नवा जंतू शिरू शकतो.

सगळेच दिवस रुग्णालयात काढावे लागतात का? नेहमीच नाही. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान दहा दिवस शिरेतून औषध झालेल्या आणि पूर्ण स्थिर झालेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना त्यात पुढचा कोर्स गोळ्यांनी दिला, आणि निकाल शिरेतल्या औषधाइतकाच चांगला आला. पण ते निवडक रुग्ण होते, बाहेरून वारंवार तपासले जात होते. ज्याच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेलं आहे आणि ज्याचं गाव अडीच तासांवर आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टर सहसा घरी सोडायला धजत नाहीत.

मी एक वही केली होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ ताप. सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन. दिवसभराची लघवी. रात्री किती उशा लागल्या. शेवटचा रकाना मला एका सिस्टरांनी सुचवला. हृदय थकू लागलं की आडवं झोपल्यावर दम लागतो, माणूस नकळत एकाच्या दोन उशा करतो, दोनाच्या तीन. विचारलं तर म्हणतो, "नाही गं, ठीक आहे." उशा मात्र खरं सांगतात.

रोज ईसीजी कशाला काढतात, हेही मला आधी कळत नव्हतं. झडपेच्या मुळाशीच हृदयाच्या विजेच्या तारा असतात. पू तिथवर पोचला की ईसीजीवरचं एक अंतर लांबत जातं, आणि इकोत दिसण्याआधीच कागदावर ती खूण उमटू शकते. म्हणून नाडी अचानक मंद झाली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सिस्टरांना हाक मारायची. चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, एका हातापायातली ताकद जाणं, एका डोळ्याने अचानक न दिसणं, डाव्या बरगड्यांखाली कळ येणं, पाय गार पडून ठणकणं, यातल्या कशासाठीही सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही. तुकडा सुटण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि योग्य औषध दोन आठवडे झालं की तो पुष्कळ कमी होतो. ही एक गोष्ट कळल्यावर वहिनी रात्री थोडी झोपायला लागली. उतरलेला ताप परत आला तर तेही सांगायचं. कधी औषधाचीच ॲलर्जी असते, कधी सलाईनच्या जागेचा संसर्ग, कधी पू.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. या आजारात मेंदूत रक्तस्रावाची भीती असते, म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा काहीतरी बदल करतात. घरून कुणी आणलेला काढा, चूर्ण, अंगारा-धुपाऱ्यासोबत आलेली पुडी, सगळं आधी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड आधीच औषधांचा भार वाहत असतं.

दात. ज्यांना ऑपरेशनची तारीख मिळाली आहे आणि अजून ताप वगैरे काही नाही, त्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. दादाला तंबाखूची सवय, आईला मिसरी. त्याच्या खालच्या दाढेला दोन वर्षं कीड होती, हिरडी दाबली की पू यायचा. ऑपरेशनच्या यादीत दंतवैद्याची चिठ्ठी होती, आणि ती आम्ही "नंतर बघू" म्हणून मागे ठेवली. आत्ताचा जंतू कदाचित तिथूनच आला असावा. रुग्णालयातच, औषध चालू असताना, ती दाढ काढली. संसर्गाचं मूळ तोंडातच असतं असं नाही. एका विशिष्ट जातीचा स्ट्रेप्टोकोकस रक्तात सापडला तर डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायला सांगतात, कारण त्याचं तिथल्या गाठींशी, कॅन्सरशी नातं आढळलं आहे. तेव्हा "हृदयाचा आजार आणि पोटाची तपासणी कशाला" असं म्हणू नका.

आणखी एक गैरसमज आमच्याच घरात होता. रुमॅटिक ताप झालेल्यांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. दादाने ते वर्षानुवर्षं घेतलं. ते घशाचा संसर्ग आणि रुमॅटिक ताप पुन्हा होऊ नये म्हणून असतं. एन्डोकार्डायटिसपासून ते वाचवत नाही.

मनाचं काय करायचं, याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दादा दिवसा सगळ्यांशी बोलायचा, आणि रात्री दोनला छताकडे बघत असायचा. "सुटला एखादा तुकडा तर?" हे तो वहिनीला नाही, मला म्हणाला. मी "काही होत नाही रे" म्हणायचे, आणि त्याने तो आणखीच गप्प व्हायचा. शेवटी एका निवासी डॉक्टरने रात्रपाळीत दहा मिनिटं बसून त्याला त्याचा स्वतःचा इको दाखवला. हा बघ पुंजका, पहिल्या दिवशी एवढा, आज एवढा. बघितल्यावर तो झोपला. धीर देण्यापेक्षा माहिती देणं बरं, निदान आमच्या दादाच्या बाबतीत तरी. भेटायला येणाऱ्यांना मी सांगून ठेवलं होतं की दोघांनीच यायचं, आणि "आमच्याकडे एकाला असंच झालं होतं" ही गोष्ट दाराबाहेर ठेवून यायची.

पैशांचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या ऑपरेशनचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा आणि सांगा की ऑपरेशन कधीही अचानक करावं लागेल. रेशनकार्ड, आधार, जुने इकोचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. ती पिशवी आमच्या एकोणिसाव्या दिवशी कामाला आली.

एकोणिसावा दिवस

दर दोन दिवसांनी रक्ताचं कल्चर होत होतं. ते पहिल्यांदा स्वच्छ आलं तो दिवस डॉक्टरांनी पहिला धरला आणि वहीत तिथे मी हळदीचं बोट लावलं. पुंजका लहान होत होता, ताप नव्हता, दादा व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. सतरा दिवस असेच गेले. अठराव्या दिवशी सकाळी वजन दीड किलोने जास्त आलं. रात्री एकच्या सुमारास मी उठले तर दादा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेला, चारही उशा मांडीवर, श्वास शिट्टीसारखा. झडपेला धरून ठेवणारी एक दोरी तुटली होती. जंतू मरत होता, पण त्याने कुरतडलेली झडप आता धरत नव्हती. औषध लागू पडत असतानाही असं होऊ शकतं, हे मला आधी सांगितलं होतं, म्हणून त्या रात्री तरी मी कुणाला दोष देत बसले नाही. पाणी उतरवायची इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला आणि सकाळी साडेआठला त्याला आत घेतलं.

कोणती झडप बसवायची, हे आमचं आधीच ठरलं होतं, ते बरं झालं. धातूची झडप टिकाऊ, पण आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची, तपासणी. प्राण्याच्या ऊतीची असेल तर ती गोळी बहुतेकांना कायमची लागत नाही, पण तरुण माणसात ती काही वर्षांनी झिजते. जंतूमुळे यात फारसा फरक पडत नाही, निवड वय, काम आणि गोळी नियमित घेता येईल की नाही यावरच होते. दादाचं वय ४४. त्याला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली, १९९० पासून आपल्या देशात वापरात असलेली चित्रा झडप बसवली, ती धातूच्या प्रकारातली. जिथे शक्य असतं तिथे झडप न बदलता दुरुस्तही करतात. दादाची त्या अवस्थेत राहिली नव्हती.

आता त्याच्या पाकिटात एक कार्ड असतं. कृत्रिम झडप, आणि एकदा एन्डोकार्डायटिस झालेला, अशा दोन्ही कारणांनी त्याला दात काढताना किंवा हिरडीला छेद देणारं काही करताना आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. सहसा ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. आणि ताप आला तर गोळी नाही, आधी कल्चर, हे कार्डाच्या मागच्या बाजूला वहिनीने मराठीत, तांबड्या शाईने लिहिलं आहे.

काढलेली झडप प्रयोगशाळेत जाते. तिच्यातून जंतू उगवला, तर औषधाचे आठवडे ऑपरेशनच्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नाही उगवला, तर जुनी मोजणी पुढे चालू. हे माहीत असल्यामुळे ऑपरेशन नीट झालं तरी आम्ही पाच दिवस श्वास रोखून होतो. पाचव्या दिवशी दुपारी दादा आयसीयूतून वॉर्डात आला, आणि त्याच सुमारास रिपोर्ट आला: वाढ नाही. मी वही उघडली. चोविसावा दिवस होता, अठ्ठावीसला आणखी चार.